चित्रासमोर प्रार्थनेला बसताना: आधी डोळे, मग शब्द, कॅमेरा सगळ्यात शेवटी

आमच्या वसईतल्या प्रार्थनागटात महिन्यातून एकदा एक चित्र लावून आम्ही अर्धा तास त्याच्यासमोर बसतो. नवीन माणूस आला की चुका ठरलेल्या असतात. पाच मिनिटांत त्याचं ‘बघून झालेलं’ असतं. मग तो शेजाऱ्याला विचारतो, ‘याचा अर्थ काय हो?’ मग खिशातून मोबाइल निघतो आणि समोरच्या चित्राचाच फोटो घेतला जातो. घरी जाऊन तो म्हणतो, ‘छान होतं, पण प्रार्थना काही झाली नाही.’

झाली नाही, कारण क्रम उलटा लागला. अर्थ आधी शोधला, कॅमेरा आधी उघडला, आणि नुसतं बघायचं राहूनच गेलं. खाली जो क्रम दिला आहे तो ख्रिस्ती ध्यानप्रार्थनेचा आहे, त्यातही बराचसा जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकातल्या सूचनांवर बेतलेला. त्या सूचना मुळात शुभवर्तमानातले, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातले, प्रसंग मनात उभे करून प्रार्थना करण्यासाठी आहेत, पण समोर छापील चित्र असलं तरी तंतोतंत लागू पडतात.

१. चित्र निवडणं (आदल्या दिवशी)

सूर्योदय, धबधबा, कबुतर आणि त्यावर सोनेरी अक्षरात वचन, असलं चित्र घेऊ नका. ते सुप्रभात म्हणायला ठीक आहे. चित्रावर अक्षरं असली की डोळा आधी अक्षरांकडेच धावतो आणि वाचून झालं की चित्र संपतं. शिवाय त्या चित्रानं आपल्याला काय वाटायला हवं ते आधीच ठरवून टाकलेलं असतं. तुम्हाला करायला काही उरत नाही.

चित्र असं हवं की ज्यात माणसं आहेत, त्यांच्यात काहीतरी घडतंय, आणि एखादी गोष्ट पुरती उलगडत नाही. मी नवख्यांना यातलं एक देतो:

- रेम्ब्रांटचं ‘उधळ्या पुत्राचं परतणं’. येशूनं सांगितलेल्या गोष्टीतला धाकटा मुलगा वाट्याचं सगळं उधळून घरी परततो आणि बाप त्याला जवळ घेतो, तो प्रसंग. साधारण १६६८च्या सुमाराचं, मूळ चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे.
- काराव्हाज्जोचं ‘संत मत्तयला पाचारण’, १५९९-१६००. येशू जकातदार मत्तयला आपल्यामागे बोलावतो, तो प्रसंग. रोमच्या सान लुईजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये आहे. पैसे मोजत बसलेल्या टेबलावरचा नेमका मत्तय कोण, दाढीवाला की मान खाली घातलेला पोरगा, यावर जाणकारांत अजून एकमत नाही. प्रार्थनेला हे फार सोयीचं, कारण तुम्हीही ते ठरवायचं नाही.
- अँजेलो द फोन्सेका यांचं मरियेचं, म्हणजे येशूच्या आईचं, कुठलंही चित्र. मूळचे गोव्याचे, जन्म १९०२चा, पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी काम केलं. त्यांची मरिया साडी नेसते. आपल्याकडच्या माणसाला तिच्यासमोर बसताना परक्या घरी आल्यासारखं वाटत नाही.

‘ही मूर्तिपूजा नाही का?’ हा प्रश्न दर वेळी येतो. ७८७ साली निकेया इथे भरलेल्या चर्चच्या परिषदेनं उत्तर देऊन ठेवलं आहे: प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही, ती ज्याची आहे त्याच्याकडे जातो. तरीही ज्यांच्या चर्चमध्ये ही पद्धत नाही त्यांनी उगाच मनाविरुद्ध जाऊ नये. त्यांनी थेट दहाव्या टप्प्यातल्या साध्या वस्तूच्या फोटोपासून सुरुवात केली तरी चालेल, मधले सगळे टप्पे तेच राहतात.

सावधान: घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर त्याच प्रसंगाचं चित्र घेऊ नका. मूल गमावलेल्या आईला मांडीवर मेलेला मुलगा घेतलेल्या मरियेसमोर एकटीला बसवणं म्हणजे जखमेवर बोट ठेवणं. आधी फादरांशी किंवा सिस्टरांशी बोला.

२. छापणं

मोबाइलवर बघून हे जमत नाही. पडदा अर्ध्या मिनिटात अंधारतो, वरून मेसेज टपकतो, आणि बोटं आपसूक चित्र मोठं करायला लागतात. कागदावर छापून घ्या.

फाइल संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून उतरवा. ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन यांसारखी संग्रहालयं जुन्या चित्रांच्या मोठ्या फाइली मोफत देतात. ए-४ कागदावर स्वच्छ छापायला साधारण २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, ए-३ला ३५०८ × ४९६१. छपाईवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘फोटो’ म्हणून पाठवू नका, आकसतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. कागद मॅट सांगा. चकचकीत कागदावर तुम्हाला चित्राऐवजी ट्यूबलाइट दिसेल.

रेम्ब्रांटसारखं गडद चित्र असेल तर आधी एकच प्रत काढून बघा. मी एकदा हे न करता एकदम पंचवीस प्रती छापून घेतल्या. घरी येऊन गठ्ठा सोडला तर बापाचे हात म्हणजे नुसता तपकिरी डाग, आणि मागे उभी असलेली माणसं पार गायब. छापणाऱ्यानं मला विचारलंही होतं, ‘थोडं उजळवू का?’ मी मोठ्या थाटात म्हटलं होतं, ‘मूळ आहे तसंच ठेवा.’ मूळ चित्र आहे सुमारे २६२ सेंटिमीटर उंच आणि २०५ रुंद. ते कागदावर येताना काळोख घट्ट होतो, म्हणून थोडं उजळवावंच लागतं. आणि हे चित्र ए-३वरच घ्या.

तपासणी: छापील प्रत खिडकीपाशी धरा. रेम्ब्रांटच्या चित्रात बापाचे दोन हात वेगवेगळे दिसले पाहिजेत, एक रुंद आणि दणकट, दुसरा जरा नाजूक. दोन्ही सारखेच दिसत असतील तर प्रत परत करा.

३. जागा

खुर्चीवर बसल्यावर चित्राचा मध्य डोळ्यांच्या रेषेत यावा. अंतर दोन-तीन हात. काचेच्या फ्रेमीत घालू नका, कारण काचेत तुमचाच चेहरा दिसतो. पुठ्ठ्याला चिमटे लावून भिंतीला टेकवलं तरी पुरे. उजेड बाजूनं यावा.

मेणबत्ती लावायचा मोह सगळ्यांना होतो. लावा, पण चित्राच्या पुढ्यात नको. ज्योत हलते, डोळा तिच्यामागे जातो, आणि मिणमिणत्या उजेडात रंग कळत नाहीत. मेणबत्तीनं वातावरण होतं हे खरं. आपण वातावरणासाठी बसलेलो नाही, एवढंच.

मोबाइल दुसऱ्या खोलीत. वेळेसाठी साधं घड्याळ पाठीमागे ठेवा.

४. वचन आदल्या रात्री वाचून ठेवा

यावर आमच्या गटातही मतभेद आहेत. बरेच जण बसण्याआधी चित्रातल्या प्रसंगाचा बायबलमधला उतारा वाचतात. माझं म्हणणं, रात्री झोपण्यापूर्वी वाचा आणि बायबल मिटून ठेवा. ताजा उतारा डोक्यात असला की आपण चित्रात फक्त तो सापडतो का ते बघत बसतो.

एक उदाहरण देतो. लूक १५:११-३२ मध्ये धाकटा परत येतो तेव्हा थोरला शेतात असतो. रेम्ब्रांटनं मात्र उजवीकडे लाल झग्यातला एक उंच माणूस, हातात काठी, असा उभा केलाय आणि बहुतेक जण त्याला थोरला भाऊच समजतात. गटात एक निवृत्त मास्तर येतात. उतारा आत्ताच वाचलेला, त्यामुळे त्यांनी पूर्ण अर्धा तास रेम्ब्रांटची चूक काढण्यात घालवला. चूक बरोबर काढली, प्रार्थना मात्र बुडाली.

५. बसण्याआधी उभं राहणं

ही पायरी सगळ्यात लहान आणि सगळे जण गाळतात ती हीच. इग्नेशियस सांगतात, प्रार्थनेच्या जागेपासून एक-दोन पावलं अलीकडे उभं राहा, एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणायला जितका वेळ लागतो तितका वेळ, आणि देव आपल्याकडे कसा बघतोय याचा विचार करा. मग बसा.

आपण बघणार आहोत म्हणून आलो. त्याआधी आपल्याकडे कुणी बघतंय, हे आठवण्यापुरतंच ते थांबणं. वीस-पंचवीस सेकंद. पायातल्या चपला इथेच काढा, म्हणजे हा टप्पा विसरायला होत नाही.

६. पाहणी (सात-आठ मिनिटं)

वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू करा. कडेकडेनं चित्राला एक फेरी मारा, मग हळूहळू आत या. मध्यावर सगळ्यात शेवटी.

दिसेल त्याचं मनात फक्त नाव घ्या. विशेषण लावू नका. ‘भिंत. काठी. हात. सुरी. जोडा. टाच.’ ‘प्रेमळ हात’, ‘बिचारा मुलगा’ असं नको. विशेषण आलं की निकाल लागला. निकाल लागला की डोळा उठून पुढे जातो. हे ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्या दिवशी तीन मिनिटंही कुणाला जमत नाही. विशेषण आलंच तर त्याच्याशी भांडू नका, ते सोडा आणि पुढचं नाव घ्या.

रेम्ब्रांटच्या चित्रात अशी फेरी मारलीत तर बरंच काही हाती लागतं. मुलाचं डोकं भादरलेलं आहे. कपडे फाटलेत, पण कमरेला एक लहान सुरी अजून लटकतेय. सगळं विकलं, ती विकली नाही. डाव्या पायातला जोडा निसटून पडलाय आणि उघडा तळवा थेट आपल्याकडे आहे. त्याचा चेहरा बापाच्या छातीत, आपल्याला जेमतेम एका बाजूनं दिसतो. आणि बापाच्या डोळ्यांकडे नीट बघा. त्याला दिसतं का, की तो हातांनीच मुलाला ओळखतोय?

(हे सगळं मी सांगून टाकलं, म्हणजे तुमची पहिली फेरी थोडी बिघडवलीच. म्हणून सुरुवात काराव्हाज्जोपासून करा.)

गल्लत नको: हे त्राटक नव्हे. त्राटकात नजर एका बिंदूवर, पापणी न लववता ठेवायची असते. इथे नजर मोकळी फिरू द्यायची आणि पापण्या लवू द्यायच्या. डोळ्यांतून पाणी आलं तर ते ताण पडल्यामुळे नाही ना, तेवढं बघा. योगवर्गातून आलेल्या मंडळींचा इथे हमखास घोटाळा होतो.

७. थांबणं

फेरी झाल्यावर डोळे मोकळे सोडा. ते कुठेतरी परत परत जातील. तिथेच थांबा.

ती जागा चित्रातली ‘मुख्य’ जागा असेलच असं नाही, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. माणसाला वाटतं, आपण बापाच्या चेहऱ्याकडे बघायला हवं, येशूच्या हाताकडे बघायला हवं. मग डोळा जिथे खरोखर गेला होता तिथून तो त्याला ओढून आणतो आणि सोज्वळ जागी बसवतो. तिथे काहीही होत नाही.

आमच्याकडे एक काकू येतात. वाडीत केळी आणि फुलं काढण्यात आयुष्य गेलेलं. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘मी काय सांगू, मी आपली त्या पोराच्या टाचेकडेच बघत बसले. माझ्या टाचा पण अशाच फुटतात पावसात. मला वाटलं, हा किती चाललाय.’ आणि ओशाळून गप्प झाल्या, जणू काहीतरी कमी पडलं. त्या दिवशी त्या खोलीत त्यांच्याइतकी प्रार्थना कुणाचीच झाली नव्हती. मास्तर तेव्हा थोरल्या भावाच्या पत्त्यावर होते.

इग्नेशियस यांची इथली सूचना अगदी रोखठोक आहे: जे हवं ते ज्या मुद्द्यावर मिळालं तिथेच राहा, पुढे जायची घाई नको, मन भरेपर्यंत. राहिलेलं चित्र राहू द्या.

८. बोलणं, मग गप्प बसणं

आता शब्द. जिथे थांबलात तिथून बोलायला लागा, एखाद्या मित्राशी बोलावं तसं. ज्या भाषेत घरी भांडता त्या भाषेत: वाडवळी, कादोडी, आगरी, कोंकणी, जी असेल ती. ‘हे परमदयाळू प्रभो’ असं सुरू झालं की समजा, तुम्ही मिस्सातलं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतलं, पुस्तक वाचताय. काकूंनी त्या टाचेला बघून एवढंच विचारलं होतं, ‘मी किती चालू अजून?’ पुरेसं आहे.

दुसऱ्यांसाठी मागणी, पूर्वजांसाठी मागणी, ही यादी इथे काढू नका. तिला दिवसभरात दुसरी वेळ आहे.

बोलणं संपलं की संपू द्या. नवे शब्द जुळवू नका. डोळे उघडे ठेवायचे की मिटायचे, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मनासमोर चित्र उभं राहत नसेल तर बेलाशक उघडे ठेवा. आविलाच्या संत तेरेजा यांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलंय की कल्पनेनं त्यांना काही डोळ्यांसमोर आणता येत नसे, आणि म्हणूनच त्यांना चित्रांचं प्रेम होतं.

मन भरकटलं, भाजी आठवली, हप्ता आठवला, तर चित्रातल्या त्याच जागेवर परत या. अर्थाकडे परत जाऊ नका, नुसत्या टाचेकडे. काहीच वाटलं नाही, कोरडं गेलं, तरी ठरलेली वेळ पुरी करूनच उठा. पाच मिनिटं आधी उठायची सवय एकदा लागली की ती सुटत नाही.

९. उजळणी, आणि पुन्हा तेच चित्र

उठल्यावर लगेच कामाला लागू नका. जागा बदला, ओटीवर या, फेऱ्या मारा, आणि पंधरा मिनिटं प्रार्थना कशी झाली ते बघा. वहीत तीन ओळी लिहा: डोळा कुठे थांबला, काय बोललो, कुठे पळून जावंसं वाटलं. तिसरी ओळ सगळ्यात कामाची.

दुसऱ्या दिवशी चित्र बदलू नका. आठवडाभर तेच ठेवा. दुसऱ्या दिवसापासून फेरी छोटी करा आणि आदल्या दिवशी जिथे ओढ वाटली किंवा जिथून पळावंसं वाटलं, थेट तिथे जा. तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो, तो जवळपास सगळ्यांना येतो. पाचव्या-सहाव्या दिवशी बहुतेकांचा डोळा दुसऱ्याच माणसाकडे जातो. मास्तर सहाव्या दिवशी लाल झग्यातल्या माणसाच्या हातांकडे गेले आणि त्या दिवशी त्यांनी चूक वगैरे काही काढली नाही.

१०. कॅमेरा (तीन आठवड्यांनंतर)

तोपर्यंत कॅमेऱ्याला हात लावू नका. मराठीत आपण फोटो ‘काढतो’, जसा काटा काढतो, दात काढतो. त्या ‘काढण्या’ची सवय सुटायला वेळ लागतो, आणि तीन आठवडे चित्रासमोर बसल्यानं ती थोडीफार सुटते.

अमेरिकेतल्या केंटकीमधल्या गेथसेमनी मठातले ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाचे संन्यासी थॉमस मर्टन शेवटच्या काही वर्षांत फोटो घेत असत. त्यांनी घेतलेत काय, तर झाडांची मुळं, टोपल्या, खुर्च्या, जुन्या लाकडी भिंती. रस्त्याच्या कडेचा क्रूस, चर्चचा मनोरा, जोडलेले हात असले विषय तुम्हीही टाळा. ते आधीच पवित्र ठरलेले आहेत, त्यांच्याकडे आपण नीट बघत नाही. खराटा घ्या. बादली घ्या. विहिरीचा काठ घ्या.

पद्धत अशी:

१. घरापासून दोनशे पावलांच्या आत राहा. रोज तोच तुकडा.
२. फोन एअरप्लेन मोडवर. झूम बंद, जवळ जायचं तर पायांनी जा.
३. डोळा अडला तिथे थांबा. फोन खाली ठेवून शंभर आकडे मोजा. शंभरानंतरही तिथेच राहावंसं वाटलं तरच फोन वर करा.
४. एकाच गोष्टीचा एकच फोटो. दिवसाला जास्तीत जास्त सात.
५. घेतलेला फोटो तिथल्या तिथे बघू नका. हे सगळ्यात अवघड. पडद्यावर कागदाची चिठ्ठी डकवून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचं चांगलं चालतं.
६. आठवडाभर फोटो तसेच पडू द्या. मग एक निवडा. सर्वांत चांगला आलेला निवडू नका, ज्याच्याकडे परत जावंसं वाटतं तो निवडा. तो ४ × ६ इंचाचा छापून घ्या आणि पाचव्या टप्प्यापासून सगळं त्याच्यासमोर करा.

आठवड्याचं अंतर यासाठी की घेणाऱ्याचा तोरा उतरावा. ताज्या फोटोसमोर बसलं की माणूस ‘थोडा डावीकडून घ्यायला हवा होता’ यातच अडकतो.

सावधान: मिस्सा चालू असताना, अंत्यविधीला, दवाखान्यात फोन वर करू नका. माणसाचा फोटो विचारल्याशिवाय नको, आणि रस्त्यावर झोपलेल्या किंवा भीक मागणाऱ्या माणसाचा तर विचारूनही नको. त्याची अडचण हा तुमच्या चिंतनाचा विषय नाही. थांबून शंभर आकडे मोजायचेच असतील तर तेवढ्या वेळात त्याला चहा आणून देता येतो.

हे फोटो कुणाला पाठवू नका, स्टेटसला लावू नका. एकदा कुणी ‘वा’ म्हटलं की पुढच्या वेळी डोळा त्या ‘वा’च्या शोधात फिरतो. यावर गटात माझ्याशी वाद घालणारे आहेत, पण त्यांचे फोटो दिवसेंदिवस छान होत चाललेत, एवढंच मी म्हणेन.

११. चित्र उतरवणं

आठवडा झाला की चित्र उतरवा. ते दिवाणखान्यात टांगू नका; तिथे ते शोभेचं होतं आणि महिन्याभरात दिसेनासं होतं. एका मोठ्या लिफाफ्यात ती प्रत आणि वहीची त्या आठवड्याची पानं एकत्र घाला, वर तारीख लिहा. पुढचं चित्र लावण्याआधी एक दिवस भिंत रिकामी ठेवा आणि नेहमीच्या वेळी तिच्यासमोर बसा. वर्षानं लिफाफा उघडाल तेव्हा आधी चित्र बाहेर काढा आणि बसा. वहीची पानं मागाहून.